‘ज्ञानेश्वर’मध्ये अक्षरं किती?

शाळेतून निवृत्त झाल्यावर सगळ्यात आधी कसली सवय मोडत असेल, तर प्रश्न ऐकण्याची. तीसएक वर्षं रोज कोणीतरी हात वर करून काहीतरी विचारत असतं आणि मग एके दिवशी ते थांबतं. घरचे विचारतात ते प्रश्न वेगळे. रक्तदाबाची गोळी घेतली का, गॅस बंद केला का, वगैरे. त्यामुळे एखादा जुना विद्यार्थी खराखुरा प्रश्न घेऊन आला की मला अजूनही बरं वाटतं.

हा विद्यार्थी मूळचा साताऱ्याचा. दहावीला माझ्याकडे मराठीला होता. पुढे सांगलीला अभियांत्रिकी शिकायला गेला आणि तिकडचाच झाला. गेली पंचवीसहून अधिक वर्षं तो पतसंस्था, दूध संस्था, सोसायट्या यांच्या हिशेबाचे प्रोग्राम लिहितो. आता त्याचेही केस पांढरे झालेत, पण मला अजून ‘बाई’च म्हणतो. मागच्या वर्षी त्याचा फोन आला.

“बाई, ‘ज्ञानेश्वर’ या शब्दात अक्षरं किती?”

“चार.”

“नक्की ना? कारण माझा एक प्रोग्राम दहा सांगतोय आणि दुसरा तीस.”

मला आधी वाटलं चेष्टा करतोय. पण नव्हती चेष्टा. आणि गंमत म्हणजे दहा आणि तीस ही दोन्ही उत्तरंही चूक नव्हती. ती कशी, हे समजून घेण्यात माझा तो सगळा पावसाळा गेला. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. सातारच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात आम्ही ज्ञानेश्वरी वाचली, काव्यशास्त्र वाचलं. संगणक हा शब्दही तेव्हा ऐकला नव्हता. तेव्हा इथे जे लिहिते आहे ते जाणकारांनी सांभाळून घ्यावं. पण मराठीची शिक्षिका म्हणून मला या विषयात जे दिसलं, ते मराठीच्या लोकांनाही कळावं असं फार वाटतं.

आधी या ‘पास्कल’विषयी. माझा हा विद्यार्थी ज्या भाषेत प्रोग्राम लिहितो तिचं हे नाव. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या ‘ई. टी. एच.’ या तंत्रविद्यापीठातले प्राध्यापक निकलाउस विर्थ यांनी ती १९७० साली तयार केली, आणि कशासाठी, तर विद्यार्थ्यांना प्रोग्राम नीट, शिस्तीत लिहायला शिकवण्यासाठी! हे ऐकल्याबरोबर माझं त्या भाषेशी नातं जुळलं. एका मास्तरांनी वर्गासाठी केलेली भाषा ती. विर्थसर १ जानेवारी २०२४ रोजी गेले. दीड महिन्यात नव्वदीचे झाले असते. त्यांनी नाव दिलं ते फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल यांचं. या पास्कलचे वडील करवसुलीच्या कामावर होते आणि त्यांचा बेरजांचा ताप वाचावा म्हणून या मुलाने १६४२ साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, बेरीज-वजाबाकीचं यंत्र बनवायला घेतलं. म्हणजे मुळापासूनच हे घराणं हिशेबाचं.

पुढे १९८३ साली ‘टर्बो पास्कल’ बाजारात आलं. ते अँडर्स हायल्सबर्ग या डॅनिश तरुणाने लिहिलं होतं आणि अमेरिकेतली बोरलँड कंपनी ते पन्नास डॉलरला पाच सेंट कमी इतक्या किमतीला विकत असे. तेव्हा असल्या गोष्टींना शेकडो डॉलर पडत, म्हणून जगभरच्या पोरांनी त्यावर उडी घेतली. आमचा विद्यार्थीही कॉलेजात त्यावरच शिकला. मग १९९५ मध्ये ‘डेल्फी’ आलं, त्यात खिडक्या, बटणं, तक्ते झटपट तयार करता येत. नोकरी शोधण्याऐवजी याने डेल्फीत एका पतसंस्थेचा पिग्मीचा हिशेब करून दिला. तिथून दुसरी संस्था, तिसरी. नंतर ‘लाझारस’ नावाचं फुकट मिळणारं साधन आलं, तेही पास्कलचंच. बायबलमधल्या मेल्यानंतर पुन्हा उठलेल्या माणसाचं ते नाव. आधीचा तसाच एक प्रयत्न बंद पडला होता, त्यातून हे उभं राहिलं म्हणून.

“अजून तेच जुनं का वापरतोस?” असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “बाई, तालुक्याच्या गावातल्या संस्थेत कधी दहा-दहा वर्षांचा संगणक असतो. माझा प्रोग्राम एका फाइलीत मावतो आणि तिथे पळतो. रोखपालाला त्याची सवय झालीय. बदलायचं कशासाठी आणि पैसे कोण देणार?” हे मला पटलं. आमच्या घरी पाटा-वरवंटा मिक्सर आल्यावरही वीस वर्षं होता.

पास्कलमध्ये काम करणारी माणसं आता थोडी आणि विखुरलेली. सांगलीत एखादा, ब्राझीलमध्ये कोणी, जर्मनीत कोणी, रशियात कोणी. ती एकमेकांना अडचणी विचारतात आणि एकमेकांना उत्तरं देतात. त्यातले काही प्रश्न विद्यार्थ्याने मला मराठीत करून सांगितले. मला ते इतके आवडले की मी वहीत उतरवून ठेवले आहेत.

एक प्रश्न नवशिक्यांचा, दरवर्षी कोणीतरी विचारणारच असा. ‘नाहीतर’च्या आधी अर्धविराम दिला की प्रोग्राम का अडतो? मराठीत अर्धविरामाची फार उपेक्षा झाली आहे. विरामचिन्हांच्या प्रश्नात एका गुणासाठी तो यायचा आणि परीक्षा संपली की मुलं त्याला विसरायची. पास्कलमध्ये मात्र तो जवळजवळ प्रत्येक ओळीला लागतो! आणि त्याचा अर्थही आपल्या व्याकरणासारखाच आहे. तो वाक्य संपवत नाही, दोन वाक्यांना वेगळं करतो. आता ‘पाऊस असेल तर छत्री घे नाहीतर राहू दे’ हे सगळं मिळून एक वाक्य. ‘घे’नंतर अर्धविराम टाकला की ‘नाहीतर राहू दे’ हे शेपूट लोंबकळत राहतं. ते कशाला जोडायचं हे यंत्राला कळत नाही. मी हे माझ्या विद्यार्थ्याला असं समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, कॉलेजात कोणी असं सांगितलं असतं तर एक रात्र वाचली असती.

दुसरा प्रश्न पैशांचा. व्याज साडेबारा रुपये आलं, पूर्ण रुपयात करायचं. आपण शाळेत शिकवतो, अर्धा किंवा जास्त असेल तर वरचा आकडा घ्या, म्हणजे तेरा. डेल्फीतली ‘राउंड’ ही आज्ञा मात्र बारा सांगते. आणि साडेतेराला विचारलं तर चौदा! अर्धा आला की ती जवळची सम संख्या घेते. याला बँकवाल्यांची पद्धत म्हणतात. नेहमी वरच ढकललं तर हजारो नोंदींमध्ये बेरीज फुगत जाते, सम संख्येकडे ढकललं तर कधी वर कधी खाली होऊन साधारण तोल राहतो. तर्क म्हणून चोख आहे. पण समोरच्या ठेवीदाराला एक रुपया कमी मिळाला तर त्याला काय सांगणार? शेवटी याने शाळेतल्या नियमाची स्वतःची आज्ञा लिहिली.

पैशांचंच आणखी एक. यंत्राच्या दोनच अंकांच्या हिशेबात दहा पैसे हा रुपयाचा अपूर्णांक नेमका लिहिताच येत नाही. आपल्याला एक तृतीयांश दशांशात लिहिताना तीन-तीन-तीन करत बसावं लागतं तसं. म्हणून पास्कलवाले नवख्यांना सांगतात, पैसे अपूर्णांकात ठेवू नका, त्यासाठी ‘करन्सी’ नावाचा वेगळा प्रकार आहे तो घ्या. त्यात आतून रुपयाचे दहा हजार भाग करून पूर्णांकातच हिशेब होतो. मला माझे आजोबा आठवले. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा मी लहान होते. आजोबा रुपयाच्या एकशे ब्याण्णव पया करून तोंडी हिशेब करायचे, अपूर्णांकाला कधी हात लावायचे नाहीत.

तारखेचा प्रश्न तर करमणुकीचा. जन्मतारीख भरलीच नाही तर डेल्फी काही वेळा ३० डिसेंबर १८९९ अशी तारीख छापतं, कारण त्याची दिवसांची मोजणी तिथे शून्यावर असते. वाळव्याकडच्या एका दूध संस्थेच्या यादीत अशा सव्वाशे वर्षांच्या बऱ्याच सभासद बायका सापडल्या होत्या!

या सगळ्या प्रश्नांत मला एक गोष्ट जाणवली. चांगला प्रश्न विचारणारा आधी सांगतो, मी अमुक लिहिलं, अमुक व्हायला हवं होतं, झालं तमुक. एवढं नेमकं सांगणाऱ्याला तासाभरात उत्तर मिळतं. ‘प्रोग्राम चालत नाही, मदत करा’ असं लिहिणाऱ्याकडे कोणी फिरकत नाही. वर्गातही हेच होतं. ‘बाई, काहीच कळलं नाही’ म्हणणाऱ्या मुलाला नक्की काय समजावायचं? आपल्याकडे मुलांना उत्तरं लिहायला शिकवतात, मार्गदर्शक पाठ करून घेतात. प्रश्न लिहायला शिकवत नाहीत. मूल्यमापनाचा एवढा उदो उदो झाला, पण ‘या धड्यावर एक चांगला प्रश्न विचारा’ याला पाच गुण कोणी ठेवले नाहीत. असो.

आता ज्ञानेश्वरांकडे येते.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. युनिकोडच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आहे. पण चिन्ह म्हणजे आपलं अक्षर नव्हे. ‘ज्ञा’ हे आपलं एक अक्षर. यंत्राकडे ते ज, मग पाय मोडायचं चिन्ह, मग ञ, मग काना असं चार तुकड्यांत असतं. ‘ने’चे दोन तुकडे, ‘श्व’चे तीन, ‘र’चा एक. झाले दहा! डेल्फीच्या २००९ या आवृत्तीपासून मजकूर युनिकोडमध्ये ठेवायची सोय आली, त्यात लांबी विचारली की दहा हे उत्तर मिळतं. लाझारसमध्ये मजकूर वेगळ्या रीतीने साठवतात, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन-तीन घरं लागतात आणि साधी ‘लेंग्थ’ ही आज्ञा घरं मोजते. म्हणून तीस.

मग मी त्याला म्हटलं, अरे, यात नवल काय? आपण तरी कुठे एकाच तऱ्हेने मोजतो? अभंग म्हणताना अक्षरं मोजायची, सहा-सहा-सहा-चार. तिथे ज्ञानेश्वर चार अक्षरांचा. आर्या वाचताना मात्रा मोजायच्या. ज्ञाच्या दोन, नेच्या दोन, श्वची एक, रची एक, म्हणून सहा. आणि व्याकरणाच्या तासाला वर्ण सुटे करायला सांगितले तर ज्, ञ्, आ, न्, ए, श्, व्, अ, र्, अ असे दहा. हे दहा आणि यंत्राचे दहा सारखे आले हा निव्वळ योगायोग. यंत्र पाय मोडल्याचं चिन्ह मोजतं आणि अंगचा ‘अ’ मोजत नाही, आपलं उलट. ‘कमळ’ घेतलं की लगेच कळतं. आपले वर्ण सहा, यंत्राची चिन्हं तीन.

फोनवर जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “बाई, हे मी दहावीत शिकलो होतो.” म्हटलं, शिकला होतास, आठ गुणांसाठी.

त्याचं खरं दुखणं वेगळंच होतं. त्याच्या जुन्या प्रोग्राममध्ये नावासाठी तीस घरांची जागा होती. इंग्रजी लिपीत नाव-आडनाव तेवढ्यात मावायचं. संस्थेने नावं मराठीत हवीत असं ठरवलं आणि याने लाझारसमध्ये तसंच ठेवलं, तेव्हा ‘ज्ञानेश्वर’ बरोब्बर तीस घरांत बसला आणि आडनावाला जागाच उरली नाही. चंद्रकांतची नऊ चिन्हं, सत्तावीस घरं, मग एक मोकळी जागा, आणि उरलेल्या दोन घरांत आडनावाच्या पहिल्या चिन्हाचे तीनपैकी दोनच भाग! पावतीवर चंद्रकांतपुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह. संस्थेचे लोक म्हणायला लागले, मराठीत हे असंच होणार, इंग्रजीच बरं. हे वाक्य मला लागलं. दोष जागा मोजण्याचा आणि नाव मराठीचं खराब!

आणि खरं सांगायचं तर यंत्राला आपली चार अक्षरं मोजायला शिकवणं अगदी अलीकडचं आहे. वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटतं ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, याचेही युनिकोडमध्ये नियम आहेत. त्या नियमांप्रमाणे पूर्वी जोडाक्षर मधून तुटायचं, ‘ज्’ वेगळा आणि ‘ञा’ वेगळा. ज्ञानेश्वर सहाचा व्हायचा. देवनागरीतलं जोडाक्षर अखंड धरावं हा नियम सप्टेंबर २०२३ मध्ये १५.१ या आवृत्तीत आला.

ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ती हकीगत यापुढची.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला तो सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट, पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर लोकांना मोठा वाटत होता, तो या पुरापुढे लहान ठरला. खालच्या भागातल्या एका पतसंस्थेच्या तळमजल्यावरची कीर्द-खतावणी चार-पाच दिवस पाण्यात होती. कागदांचा नुसता लगदा झाला. संगणकातली माहिती मात्र वाचली, कारण माझा विद्यार्थी दर आठवड्याला तिची प्रत घरी नेत असे.

काही महिन्यांनी एक विधवा बाई मुदत ठेव संपली म्हणून आल्या. त्यांचीही पावती घरच्या कपाटाबरोबर पुरात गेलेली. कारकुनाने नाव टंकलं, संगणक म्हणाला, असं नाव नाही. पुन्हा टंकलं, नाही. बाईंना सांगण्यात आलं की तुमची ठेव दुसऱ्या संस्थेत असेल, नीट आठवा. नवरा गेलेला, कागद गेलेला आणि आता यंत्र सांगतंय की तुम्ही नाहीच. त्यांचं आडनाव मी इथे देत नाही, पण त्यात कऱ्हाडमधला ‘ऱ्ह’ होता, एवढं सांगते.

त्या तीन हेलपाटे घालून गेल्या. चौथ्या वेळी त्या रडायला लागल्या तेव्हा कोणीतरी माझ्या विद्यार्थ्याला फोन लावला. त्याने यादी डोळ्यांनी वाचून काढली. नाव होतं! अगदी तेच, तस्संच. कारकुनाने टंकलेलं आणि यादीतलं शेजारी शेजारी ठेवलं तर एका काड्याचाही फरक दिसेना. यंत्र तरीही म्हणे, ही दोन नावं वेगळी.

तेव्हा त्याने परदेशातल्या एका पास्कलवाल्याला विचारलं. त्या माणसाला मराठीचा गंध नाही. पण त्याने उत्तर फार शहाणपणाचं दिलं. म्हणाला, मला तुमची लिपी वाचता येत नाही आणि यंत्रालाही येत नाही. दोन्ही नावांच्या प्रत्येक चिन्हाचा क्रमांक छापून बघा. याने छापला. ‘कऱ्हाड’ एवढाच भाग घेतला तर एकात सहा आकडे आले, दुसऱ्यात सात.

झालं होतं असं. हा जो अर्धा ‘ऱ’ आहे, ज्याला इंग्रजीत पापणीचा र म्हणतात, तो दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येतो. ‘ऱ’ला स्वतःचा क्रमांक आहे, २३५३. तो घ्यायचा, पाय मोडायचा, पुढे ‘ह’. किंवा साधा ‘र’ म्हणजे २३५२ घ्यायचा, पाय मोडायचा आणि मध्ये ८२०५ क्रमांकाचं एक अदृश्य जोडचिन्ह घालायचं. कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे. शिवाय ‘र’खाली नुक्ता देऊन तिसरी तऱ्हाही आहे. जुनी नावं एका विशिष्ट फॉन्टमध्ये होती, ती यंत्राने युनिकोडमध्ये बदलताना अदृश्य चिन्हाची तऱ्हा वापरली होती. नव्या कारकुनाचा कळफलक सरळ ‘ऱ’ देत होता. त्या बाईंची ठेव या दोन तऱ्हांच्या मध्ये अडकली होती.

बाईंना पैसे व्याजासकट मिळाले. विद्यार्थ्याने त्याच रात्री प्रोग्राममध्ये दुरुस्ती केली. कुठूनही नाव आलं की शोधण्यापूर्वी तिन्ही तऱ्हांचं एकच रूप करायचं. म्हणाला, वीस-पंचवीस ओळींचं काम. पण कुठल्या कुठल्या शब्दांत असं होतं, हे त्याला कळेना. ती यादी मी केली. वऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाणपूर... शाळेत मी मुलांना हा फरक ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या जोडीने शिकवायचे. दर्या आणि दऱ्या. एकाने समुद्र, दुसऱ्याने महाबळेश्वरच्या दऱ्या. रफार आणि अर्धा ऱ वेगळे ठेवणं हे मराठीचं खास वैशिष्ट्य. त्या परदेशी माणसाला हे ठाऊक असायचं काही कारण नाही, पण इथल्या कारकुनालाही ते कोणी सांगितलं नव्हतं.

असाच प्रकार ‘ॲ’चा. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र जोडून काम भागवत. म्हणजे ॲडव्होकेट लावणारे सगळे सभासदही दोन तऱ्हांचे. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात ॲ आणि ऑ हे स्वर म्हणून धरले. निर्णय झाला, चांगलं झालं. पण सांगलीतल्या पतसंस्थेच्या यादीपर्यंत तो कोणी पोचवायचा? प्रोग्राम लिहिणाऱ्याला वर्णमालेचा निर्णय माहीत नाही आणि मराठीच्या प्राध्यापकांना असा प्रश्न आहे हेच माहीत नाही. आम्ही शुद्धलेखनाच्या नियमांवर तावातावाने भांडलो, ऱ्हस्व-दीर्घावरून वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली. ‘ऱ्हस्व’मधला तो ‘ऱ्ह’ यंत्रात कसा साठतो हे मात्र आमच्यापैकी कोणी विचारलं नाही.

अलीकडे आमचं काम चाललंय ते याद्या लावण्याचं. यंत्राने नावं क्रमांकांप्रमाणे लावली की काळे, काशीद, कासार अशी येतात, कारण युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे बसवलाय. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’च्या नंतर. म्हणजे काशीद, कासार, मग काळे. सर्वसाधारण सभेच्या यादीत वयस्कर सभासद आपलं नाव शेवटी शोधतात आणि ते मिळत नाही. विद्यार्थ्याने पास्कलमध्ये तुलनेची स्वतःची आज्ञा लिहायला घेतली आहे. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो. ‘क्ष’ हा ‘क’मध्ये घालायचा की ‘ळ’नंतर? म्हटलं, ळ, क्ष, ज्ञ, आपण म्हणायचो तसंच. मग क्षीरसागर शेवटी जातील. जाऊ देत, शाळेच्या हजेरीपटावरही ते शेवटीच असायचे आणि त्यांनी कधी तक्रार केली नाही.

गेल्या रविवारी त्याने नवीनच काढलं. एका संस्थेच्या यादीत सगळे सभासद ‘श’मध्ये आलेत. पाहिलं तर प्रत्येक नावाआधी कोणीतरी मोठ्या अदबीने ‘श्री.’ किंवा ‘श्रीमती’ टंकून ठेवलंय. ते क्रमात धरायचं का नाही, असं तो मला विचारत होता. मी म्हटलं, ते आधी त्या संस्थेच्या सचिवांना विचार.